चक्कर मोजायची कशी?

“डोकं हलकं वाटतं का?” मी विचारलं.

“रोज!” रेहानाबी खुशीत म्हणाल्या. “सकाळी उठल्या उठल्या हलकं वाटतंय. लय हलकं.”

मी ‘नेहमी’च्या चौकटीत खूण केली. त्या प्रश्नावलीत ‘नेहमी’ म्हणजे सर्वांत वाईट उत्तर. रेहानाबी इस्लामपूरच्या, बांगड्या विकणाऱ्या. पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा भिंत धरून, पायरी चाचपत आल्या होत्या. आज एकट्या झपझप जिना चढून आल्या. आणि माझ्या हातातला कागद सांगत होता, की बाईंचं दुखणं पहिल्यापेक्षा वाढलंय!

मी पेन खाली ठेवलं. “रेहानाबी, हलकं म्हणजे नेमकं कसं हो?”

“हलकं म्हंजे हलकं. आधी डोस्क्यावर पाटा ठेवल्यागत वाटायचं. तुमचा विलाज सुरू झाल्यापास्नं डोकं कसं मोकळं, हलकं. अल्लाची मेहेरबानी.”

मला आधी खदखदून हसू आलं, मग मी तो प्रश्न पुन्हा वाचला. ती प्रश्नावली मूळ इंग्रजी. इंग्रजीत डोकं हलकं होणं म्हणजे आता शुद्ध जाणार असं वाटणं. कुणीतरी कचेरीत बसून शब्दाला शब्द ठेवून तिचं मराठी केलेलं. पण आपल्याकडे डोकं हलकं झालं म्हणजे सुटलो बुवा एकदाचे! म्हणजे जो जो बरा झाला, त्याला त्याला आम्ही जास्त आजारी ठरवत होतो.

त्या दुपारी मी कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत अक्षरशः पळत गेले. माझ्या नोकरीतली सगळ्यात धमाल, सगळ्यात दमवणारी आणि मला सगळ्यात जास्त काही देऊन गेलेली वर्षं तिथून सुरू झाली.

मी श्रवणतज्ज्ञ. कराडजवळच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात माझी सगळी नोकरी झाली. लोक मला ‘कानाच्या मॅडम’ म्हणायचे. ऐकू येतं का हे तपासणं हे माझं काम, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण कानाला दुसरीही नोकरी असते. आतल्या कानात शरीराचा तोल सांभाळणारं एक इवलंसं यंत्र असतं. ते बिघडलं की माणसाला चक्कर येते. त्यामुळे निम्म्या सातारा-सांगली जिल्ह्यांची चक्कर माझ्या टेबलासमोरून गेली आहे.

आता गंमत बघा. साखर रक्तात मोजता येते. मोडलेलं हाड फोटोत दिसतं. पण चक्करेनं माणसाचं जगणं किती अडलंय, हे कुठल्या यंत्रात दिसणार? ते एकालाच माहीत असतं, ज्याला चक्कर येते त्याला. म्हणून त्याला विचारायचं. पण डॉक्टरनं सहज विचारलं, “काय, बरंय का?” तर पेशंट म्हणतो, “बरंय.” त्यातून काही कळत नाही. उपचारानं फरक पडला की नाही, दोन उपचारांतला कोणता चांगला, हे ठरवायचं तर सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारावे लागतात आणि उत्तरांना आकडे द्यावे लागतात. ही झाली प्रश्नावली. बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय, चार प्रश्न लिहायचे. अहो, तो तराजू असतो! तराजू खोटा असेल, तर पुढचं सगळं वजन खोटं.

आमचे डॉक्टर कान-नाक-घशाचे सर्जन, मूळचे सांगलीचे, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. रेहानाबींचा किस्सा ऐकून ते डोक्याला हात लावून बसले.

“मॅडम, मग हा एक प्रश्न बदलू.”

“एकच?” मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. “हा बघा. ‘शिरोभ्रमणामुळे सामाजिक सहभागावर मर्यादा जाणवते काय?’ काल वडूजच्या एका आजींना हा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘बाई, भाषण संपलं की सांगा.’ आणि हा, ‘क्वचित’. एकानं मला विचारलं, ‘क्वचित म्हंजे कोन?’”

डॉक्टर हसायला लागले. मग म्हणाले, “आपणच बनवायची?”

“आपणच बनवायची.”

त्या दिवशी आम्हा दोघांना जराही कल्पना नव्हती, की हे किती लांबचं प्रकरण आहे.

पहिली पायरी म्हणजे तोंड बंद ठेवून ऐकणं. प्रश्न लिहायचे नाहीत. चक्कर येणाऱ्या माणसांपुढे बसायचं आणि म्हणायचं, “तुमच्या चक्करेबद्दल सांगा.” ते जे शब्द वापरतील ते जसेच्या तसे टिपून घ्यायचे. नवा माणूस नवं काही सांगेनासा झाला, की थांबायचं. वाईच्या घाटावर, इस्लामपूरच्या बाजारात, माणच्या माळावर मी फिरले. बसनं, डॉक्टरांच्या गाडीनं, एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून.

आणि काय शब्द मिळाले! भोवळ. घेरी. अंधारी. गरगर. झोकांडी. ‘भुई फिरती.’ ‘घर पळतंय.’ ‘डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात.’ ‘पाय कापसावर पडल्यागत होतंय.’ एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द लिहून आम्ही त्या सगळ्या चिठ्ठ्या एका खोलीत जमिनीवर पसरल्या आणि मांडी घालून त्यांचे ढीग लावायला बसलो. बघता बघता तीन ढीग झाले. एकात जग फिरतं. दुसऱ्यात अंधार येतो. तिसऱ्यात तोल जातो. डॉक्टर एकदम गुडघ्यांवर उभे राहिले. “मॅडम! पहिला ढीग कानाचा, दुसरा बहुतेक रक्तदाबाचा, तिसरा पायांच्या नसांचा!” शंभर टक्के असं बसत नाही, हे आम्हाला पुढे कळलं. पण त्या क्षणी आम्ही दोघं जमिनीवर बसून लॉटरी लागल्यासारखे एकमेकांना टाळ्या देत होतो.

मग प्रश्न लिहायला घेतले. एका प्रश्नावर आमचं जोरदार वाजलं. खाली वाकल्यावर चक्कर येते का, हे विचारायचं होतं. मी लिहिलं, ‘देवाच्या पाया पडताना’. तपासणीला आलेल्या रेहानाबींना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “आन आमी?” मग लिहिलं, ‘देवाच्या पाया पडताना किंवा नमाज पढताना’. यावर आमचे संख्याशास्त्राचे सर भडकले. सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायचे, आमच्या आकड्यांची बाजू सांभाळायचे आणि स्वभावानं मिरचीसारखे. “एका प्रश्नात दोन प्रश्न घालायचे नाहीत! माणूस नक्की कशाला ‘हो’ म्हणाला, ते कसं कळणार?” आठवडाभर घोळ चालला. शेवटी मीच एकदा घरी केर काढताना थांबले आणि सरांना फोन लावला. “सर, ‘जमिनीला कपाळ टेकवताना’!” सर म्हणाले, “लिहा. लगेच लिहा.” देऊळ आलं, मशीद आली, आणि देव न मानणाऱ्याला पलंगाखाली गेलेली चप्पल शोधतानाही तो प्रश्न लागू पडला.

उत्तरांचंही तेच. गावाकडं फरक आण्यांत सांगतात. “रुपयात बारा आणे बरं हाय.” मला ते इतकं आवडलं की आम्ही उत्तरं आण्यांत ठेवली. मग कराडचा इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला, त्यानं विचारलं, “आणे म्हणजे?” झालं. मग तांब्याची चित्रं काढली. रिकामा, अर्धा, भरलेला. जितका त्रास जास्त, तितका तांब्या भरलेला. तर बायका सगळ्या भरल्या तांब्यावर बोट ठेवायला लागल्या, कारण रिकाम्या तांब्यावर बोट कोण ठेवणार! शेवटी साधे चार शब्द उरले. कधीच नाही, कधीतरी, बरेचदा, सारखं. इतक्या साध्या शब्दांपर्यंत पोचायला इतका वेळ लागतो, हे कुणाला सांगून पटत नाही.

आणि एक दिवस प्रश्नावली तयार झाली. देखणी, आपल्या भाषेतली. ती हातात घेऊन आम्ही आटपाडीच्या बाजूला एका गावात शिबिराला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली. ज्यांचे आकडे जास्त येतील त्यांना तपासणीला कराडला बोलवायचं, कमी येतील त्यांना सल्ला देऊन घरी पाठवायचं, असं ठरलं होतं.

तिथं बिरूआप्पा आले. साठीच्या आतबाहेरचे मेंढपाळ, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. त्यांना घेऊन, किंबहुना ओढून, आल्या होत्या त्यांच्या मालकीण हिराक्का.

“इच्चारा बाई ह्यास्नी,” हिराक्का म्हणाल्या आणि रांगेच्या कडेला जाऊन बसल्या. आमचा नियमच होता, उत्तर देताना शेजारी घरचं कुणी नको. साताऱ्याकडच्या एका सुभेदारसाहेबांनी तो आम्हाला शिकवला होता. बायकोसमोर प्रत्येक प्रश्नाला “नो प्रॉब्लेम!” आणि ती बाहेर गेल्यावर हळूच, “मॅडम, रोज होतंय.”

मी आप्पांना प्रश्न विचारायला लागले.

“चालताना चक्कर येते का?”

“न्हाई.”

“जमिनीला कपाळ टेकवताना?”

“न्हाई.”

“अंथरुणात कूस बदलताना?”

“न्हाई.”

“वर बघताना?”

“न्हाई वो.”

सगळी ‘न्हाई’. बेरीज शून्य. मी म्हटलं, “आप्पा, तुमची तब्येत एकदम चांगली आहे.” त्यांनी मान डोलावली नाही. “बरं हाय मग,” म्हणाले आणि उठले.

उठले ते कसे? आधी दोन्ही हात टेबलावर. मग हळूहळू वर. आणि वळले ते मानेनं नाही, सगळं अंग वळवून. डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखे. व्हरांड्याची पायरी उतरताना त्यांनी खाली पाहिलंच नाही, पायानं पायरी शोधली. मी ते बघत होते. ही चाल मी हजार वेळा बघितली होती!

मी टेबल सोडून पळाले. “आप्पा! थांबा, आप्पा!”

ते पुन्हा सगळं अंग वळवून फिरले.

“आप्पा, मेंढरांमागं जाता ना रोज?”

“न्हाई. थोरलं पोरगं जातंय.”

“का?”

“सोडलं मी.”

“रात्री कसं झोपता?”

“झोपत न्हाई. भिंतीला टेकून बसतो. बसल्या बसल्याच डोळा लागतोय.”

“किती दिवस?”

मागून हिराक्का आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, “गेल्या दसऱ्याच्या आदीपास्नं. आडवं झालं की वरडायचं. म्हनून आडवं व्हायचंच सोडलं. वाकायचं सोडलं. मान हालवायची सोडली. बोलावलं तर बुजगावन्यावानी फिरत्यात.”

“मग आप्पा, तुम्ही मला सगळ्याला नाही का म्हणालात?”

आप्पांना माझाच प्रश्न विचित्र वाटला. “तुमी इच्चारलं, कूस बदलताना व्हतंय का? मी आडवाच व्हत न्हाई, तर कूस कवा बदलू? वर बघताना व्हतंय का? मी वर बगतच न्हाई. मग व्हतंय म्हनून कसं सांगू?”

मी तिथंच उन्हात उभी राहिले. त्यांचं प्रत्येक उत्तर खरं होतं. ज्या माणसाचं जगणं चक्करेनं सगळ्यात जास्त आवळलं होतं, त्याला आमच्या देखण्या तराजूनं शून्य दिलं होतं.

डॉक्टरांना हाक मारली. शाळेतला लांब बाक ओढून आणला. आप्पांना त्यावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि सांगितलं, “आप्पा, आता तुम्हाला झटकन आडवं करणार. भीती वाटेल. भुई फिरेल. पण डोळे उघडे ठेवा आणि माझ्याकडे बघा. मी धरलंय.”

आडवं केलं आणि आप्पा ओरडले. असे ओरडले की रांगेतली माणसं उठून उभी राहिली. माझं मनगट त्यांनी पकडलं ते आजही दुखल्यासारखं वाटतं. पण मी त्यांचे डोळे बघत होते. बुबुळं नाचत होती, एका बाजूला सर्रकन, पुन्हा सर्रकन. डॉक्टर माझ्या खांद्यावरून वाकले होते. “खडे,” ते म्हणाले. “खडेच आहेत!”

वाचकांसाठी सांगते. आतल्या कानात मिठाच्या कणासारखे बारीक खडे असतात. ते जागेवर असले की तोल राखतात. कधीकधी ते सुटतात आणि शेजारच्या नळीत जाऊन पडतात. मग मान हलली की ते नळीत घरंगळतात आणि मेंदूला वाटतं, सगळं जग फिरतंय. यावर गोळी नको, सुई नको. मान ठरावीक क्रमानं वळवत वळवत ते खडे नळीतून बाहेर काढायचे. देव्हाऱ्यातल्या शंखात अडकलेला मणी बाहेर काढतो, तसं.

मी एकेक वळण देत गेले. आप्पांचा पटका सुटून खाली लोळत होता. हिराक्का पदर तोंडाला लावून उभ्या. शेवटी त्यांना उठवून बसवलं. जरा वेळ जाऊ दिला. मग पुन्हा आडवं केलं. आप्पांनी आधीच डोळे घट्ट मिटले होते.

“उघडा डोळे.”

उघडले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

“थांबली,” ते म्हणाले.

“काय थांबलं?”

“भुई.”

व्हरांड्यात कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवायला लागले. हिराक्का रडत होत्या आणि नवऱ्याला शिव्या देत होत्या. मी मात्र डॉक्टरांकडे बघत होते आणि डॉक्टर माझ्याकडे. परतीच्या वाटेवर विट्याजवळ डॉक्टरांनी गाडी बाजूला घेतली.

“मॅडम, आपल्या सगळ्या प्रश्नांचा पायाच चुकलाय. आपण विचारतोय, त्रास होतो का.”

“आणि विचारायला हवं, काय सोडलंत,” मी म्हणाले.

दोघांच्या डोक्यात ते जवळजवळ एकदमच आलं होतं, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला गाडीत बसून वेड्यासारखे हसलो. मग एका हॉटेलात शिरून, चहाचे कप बाजूला सारून, कागदी रुमालांवर नवे प्रश्न खरडायला लागलो.

सर फोनवर उखडले. “तुम्हाला कळतंय का काय म्हणताय? प्रश्न बदलले म्हणजे पुन्हा पहिल्यापासून! पुन्हा मुलाखती, पुन्हा चाचण्या! सगळं तयार आहे, छापायला पाठवून द्यायचं बाकी आहे.”

“सर,” मी म्हटलं, “एक माणूस बसून झोपतो, कारण त्याला आडवं व्हायची भीती वाटते. त्याला आपण शून्य दिलं.”

सरांनी विचारलं, “किती जण असे असतील?”

“तेच तर माहीत नाही. आपण विचारलंच नाही.”

“मग विचारा,” सर म्हणाले आणि फोन ठेवला. माझी रजेची सगळी गणितं त्या दोन शब्दांत उधळली गेली, पण मला तेव्हा पंख फुटले होते.

पुन्हा त्याच माणसांकडे गेलो. ज्यांच्याकडे एकदा जाऊन आलो होतो, ज्यांचं सगळं ऐकून झालं असं आम्हाला वाटलं होतं, त्यांच्याकडे. आणि फक्त एवढंच विचारलं, “चक्करेच्या भीतीनं तुम्ही काय करायचं सोडलंय?”

बांध फुटला. एकानं पोहायचं सोडलं होतं. एकीनं वरच्या माळ्यावरची लोणच्याची बरणी काढायची सोडली होती, घरात दोन वर्षं लोणचं विकतचं येत होतं आणि सून समजत होती, सासूची हौस संपली. एका ड्रायव्हरनं घाटाची गाडी सोडून गावातली घेतली होती. एकानं केस कापायला जायचं सोडलं होतं, कारण न्हावी मान मागे वाकवतो! आधीच्या मुलाखतींत यातलं अक्षरही आलं नव्हतं. त्यांनी लपवलं नव्हतं. ज्याचं नावच कुणी घेत नाही, ते माणूस स्वतःही विसरतो.

आणि रेहानाबी. त्या आता बऱ्या होत्या, पण मी आधीच्या दिवसांबद्दल विचारलं. त्या बांगड्यांच्या पेटीवर हात फिरवत राहिल्या.

“लग्नघरी जायचं सोडलं होतं,” त्या म्हणाल्या. “नवरीला चुडा भरायला. तिथं खाली मान घालून तासंतास बसावं लागतं, भोवती पंचवीस बायका. एकदा भरताना झोक गेला, नवरीच्या हातात काच घुसली. तवापास्नं दुकानावरच बसायची.”

“मग बोलावणी आली की काय सांगायचात?”

“गुडगं दुखत्यात म्हनून सांगायची. चक्कर येती म्हटलं तर हातात हात कोण देईल, मॅडम? घरीबी गुडगंच सांगितलं. पोरगा बिचारा तेल आणून द्यायचा. मी रोज गुडग्याला तेल चोळायची.” त्या हसल्या आणि हसता हसता डोळे पुसले. “चांगल्या गुडग्याला!”

मी घरी येऊन लिहिलं: ‘चक्कर येते हे कुणाला कळू नये म्हणून तुम्ही दुसरं कारण सांगता का?’

आता परीक्षा सुरू झाली ती प्रश्नावलीची. ज्याच्या तब्येतीत काही बदल नाही, त्याला काही दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. उत्तरं जवळपास तीच यायला हवीत. आज एक शेर आणि उद्या दोन शेर दाखवणारा तराजू काय कामाचा? ते जमलं. मग उलटी परीक्षा. उपचारानं जो बरा झालाय, त्याचा आकडा खाली यायला हवा. इथं मी नखं खात बसले होते. कारण सोडलेली गोष्ट माणूस बरा झाल्यावर परत धरतो का? की भीती तशीच राहते? तसं झालं तर आकडा हलणारच नाही, आणि मग सगळी मेहनत वाया.

आप्पांना कराडला बोलावलं. नव्या प्रश्नांची त्यांची आधीची उत्तरं आम्ही गावी जाऊन, इलाजाआधी कसं होतं ते विचारून, लिहून आणली होती. शास्त्राच्या दृष्टीनं ही तितकी पक्की रीत नव्हे, सरांनी ती उत्तरं बेरजेत धरली नाहीत. पण आप्पांना विचारल्याशिवाय मला राहवलं नसतं.

आप्पा आले ते कृष्णा-कोयनेचा संगम बघून, मान वळवून वळवून बाजार बघत, हिराक्कांच्या पुढे दहा पावलं.

“आप्पा, अजून काय सोडलेलं आहे?”

“सासऱ्याशी बोलायचं,” ते म्हणाले आणि हिराक्कांनी त्यांना कोपरानं ढोसलं. मग ते गंभीर झाले. “पर्वा मेंढरांसंगं रानात मुक्काम केला. आडवा झालो. कूस न्हाई बदलली आदी, भ्या वाटलं. मग म्हटलं बगू तर. उताणा झालो.” त्यांनी हात वर केला. “चांदन्या, बाई. लय दिसांनी चांदन्या बगितल्या. हलत नव्हत्या. एकबी हलत नव्हती.”

मला पुढचा प्रश्न वाचता येईना.

बाकीच्या सगळ्या माणसांचे कागद सरांकडे गेले. मी पुढचे दिवस फोन उशाशी घेऊन काढले. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. हे गृहस्थ कधी मोठ्यानं हसलेले मी पाहिले नव्हते. ते ओरडत होते, “हलतंय, मॅडम! आकडा हलतोय! बरे झालेल्यांचा खाली आलाय, तसेच असलेल्यांचा तिथंच आहे! काय सोडलंय विचारणारे तुमचे प्रश्न सगळ्यात चांगले चालतायत!” मी स्वयंपाकघरात पोळी तव्यावर सोडून नाचले. पोळी करपली. नवऱ्यानं करपलेली पोळी निमूट खाल्ली आणि विचारलं, “पास झालीस वाटतं?”

हळहळही आहे. ज्या प्रश्नांना फारच थोडे लोक ‘हो’ म्हणतात ते गाळावे लागतात, नाहीतर प्रश्नावली संपता संपत नाही. न्हाव्याचा प्रश्न गेला. पोहण्याचा गेला. लोणच्याच्या बरणीसाठी मी सरांशी भांडभांड भांडले, तीही गेली. ज्यांनी विश्वासानं सांगितलं त्यांची गोष्ट कागदावरून खोडताना हात जड होतो. आणि पहिल्या शिबिरांतून जे शून्य घेऊन घरी गेले आणि पुन्हा सापडले नाहीत, त्यांचं काय झालं, हे मला माहीत नाही.

निवृत्त झाले तरी आठवड्यातून एकदा मी रुग्णालयात जाऊन बसते. परवा वाईहून एक शिक्षिका आल्या होत्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या, बोलायला तुटक. मी विचारते म्हटलं तर नको म्हणाल्या, “मी स्वतः भरते.” खिडकीशी बसून भराभर खुणा करत गेल्या. मग त्यांचं पेन थांबलं. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

“मॅडम,” त्या माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “माझ्याबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. का हो?”

त्यांनी एका प्रश्नावर बोट ठेवलं. दुसरं कारण सांगता का.

“शाळेत सांगते, पित्त झालंय. घरी सांगते, पेपर तपासायचेत, आणि आडवं व्हायला नको म्हणून उशिरापर्यंत खुर्चीत बसते.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “हा प्रश्न इथं कसा आला?”

“दुसऱ्या एका बाईंकडून,” मी म्हणाले. “आणि त्यांच्यासारख्या अजून बऱ्याच जणींकडून.”

“बऱ्याच जणी?”

“पुष्कळ.”

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. त्या प्रश्नापुढे ‘सारखं’ या शब्दावर त्यांनी खूण केली, ठळक, पेन दाबून. मग पर्समधून फोन काढला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “खाली गाडीत थांबू नका. वर या. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”